इंजेक्शनने बरं झालं, पण कशाच्या तुलनेत?



मागच्या लेखात आपण संशोधनाचा प्रश्न नेमका कसा मांडायचा ते पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी. ती म्हणजे तुलना गट, म्हणजेच कंट्रोल ग्रुप. पेटच्या अभ्यासात त्याची व्याख्या तुम्ही पाठ केलेली असेलच. ती मलाही पाठ होती. पण तिचा खरा अर्थ मला एका फोनमुळे कळला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या मामेभावाचा फोन आला. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. सकाळी १०० मीटरची प्रॅक्टिस करताना मांडीच्या मागे एकदम कळ आली, काहीतरी तुटल्यासारखं वाटलं आणि तो तिथंच खाली बसला. सोनोग्राफीत हॅमस्ट्रिंग थोडा फाटल्याचं निघालं. ग्राउंडला बरोबर सहा आठवडे होते. कुणीतरी त्याला सांगितलं की स्वतःच्याच रक्तापासून एक इंजेक्शन बनवतात, मोठमोठे खेळाडू घेतात, स्नायू लवकर भरून येतो. खर्च ऐकून मामाने म्हैस विकायची तयारी दाखवली होती.

"ताई, तू यातच पीएचडी करतेस ना? घेऊ का नको, एवढंच सांग."

मी डॉक्टर नाही. व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्रावर काम करते. कुणी कोणता उपचार घ्यावा हे सांगणं माझं काम नाही, ते मी त्यालाही सांगितलं. पण "त्याने फायदा होतो का?" या प्रश्नावरचे पेपर मी वाचू शकत होते. एका संध्याकाळचं काम आहे असं वाटलं. चार संध्याकाळी गेल्या. पेपर मिळत नव्हते म्हणून नाही, तर प्रत्येक पेपर वेगळंच उत्तर देत होता म्हणून.

आधी स्नायूत काय होतं ते बघू

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागच्या तीन स्नायूंचा गट. वेगात धावताना पाय पुढे जातो आणि जमिनीला टेकण्याआधी त्याला आवर घालायचं काम हा गट करतो. म्हणजे एकाच वेळी स्नायू ताणला जातोय आणि जोरही लावतोय. तिथंच तो फाटतो. युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या पाहणीत २००१-०२ च्या मोसमात एकूण दुखापतींपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या. २०२१-२२ पर्यंत हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेलं. म्हणजे पैसा, फिजिओ, यंत्रं सगळं असूनही हा प्रश्न सुटलेला नाही.

फाटलेला स्नायू साधारण तीन टप्प्यांत भरतो. पहिल्या काही दिवसांत सूज येते आणि तुटलेल्या तंतूंची साफसफाई होते. मग स्नायूतल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होऊन नवे तंतू तयार करू लागतात, त्याच वेळी वणाची ऊतीही तयार होत असते. शेवटी, हळूहळू भार पडेल तशी या सगळ्याची नीट मांडणी होते.

यातली एक गोष्ट अधोरेखित करून ठेवा: हे सगळं इंजेक्शन न देताही होतं. पुढची सगळी गंमत याच वाक्यात आहे.

हे इंजेक्शन म्हणजे काय?

त्याला पीआरपी म्हणतात, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. रुग्णाचं थोडं रक्त काढतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवतात. ताक घुसळल्यावर लोणी वर येतं, तसे रक्ताचे घटक वजनाप्रमाणे वेगळे होतात. लाल पेशी तळाला बसतात, प्लाझ्मा वर राहतो. ज्या भागात प्लेटलेट दाटीने असतात तो काढून घेतात आणि दुखापतीच्या जागी टोचतात.

प्लेटलेट आपल्याला डेंग्यूमुळे घरोघरी माहीत झाल्या आहेत. रक्त गोठवणं हे त्यांचं ठळक काम. पण त्यांच्या पोटात वाढीला चालना देणारे प्रथिन-घटकही असतात, ज्यांना आपण ग्रोथ फॅक्टर म्हणतो. तर्क साधा आहे: जखमेवर प्लेटलेट जमतात, जखम भरते. मग जास्त प्लेटलेट नेऊन सोडल्या तर जखम लवकर भरेल.

तर्क पटण्यासारखा आहे, आणि म्हणूनच जपून. याच ग्रोथ फॅक्टरांमध्ये टीजीएफ-बीटा नावाचा एक आहे, जो स्नायूत वणाची ऊती वाढवतो. म्हणजे त्याच तर्काने कुणी "यामुळे स्नायू कडक होईल" असंही म्हणू शकेल. यंत्रणा समजली म्हणजे परिणाम सिद्ध झाला असं नसतं. यंत्रणेवरून प्रश्न मिळतो, उत्तर प्रयोगातूनच मिळतं.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, वाडा, हिने २०१० मध्ये स्नायूत पीआरपी टोचायला बंदी घातली होती. २०११ च्या यादीतून ती काढून टाकली. म्हणजे हा उपचार खेळाडूला अवाजवी फायदा देईल अशी भीती आधी आली, तो मुळात फायदा देतो का हे तपासणारे चांगले प्रयोग नंतर आले.

आता ते चार पेपर. मी वाचले त्या क्रमाने नाही, तर त्यातली तुलना जशी बळकट होत जाते त्या क्रमाने सांगते.

पहिला पेपर: तुलनाच नाही

हा पीआरपीचा नाही, त्याच्या आधीच्या जमान्यातला, स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा आहे. अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या एका संघाच्या तेरा वर्षांच्या नोंदी तपासून २००० साली तो प्रसिद्ध झाला. हॅमस्ट्रिंग दुखावलेले ४३१ खेळाडू होते. त्यातल्या गंभीर दुखापतीच्या ५८ जणांना स्नायूत स्टेरॉइड आणि भूल देणारं औषध टोचलं होतं. त्या ५८ पैकी ४९ जणांचा दुखापतीमुळे एकही सामना चुकला नाही.

वाचून काय वाटतं? ८४ टक्के! मलाही तसंच वाटलं. पण थांबा. इंजेक्शन दिलं नसतं तर किती जणांचा सामना चुकला असता? त्याचं उत्तर पेपरमध्ये नाही, कारण तशाच दुखापतीचे पण इंजेक्शन न दिलेले खेळाडू बाजूला ठेवून मोजलेले नाहीत. आकडा मोठा आहे, पण तो कशापेक्षा मोठा आहे ते कळायला मार्ग नाही. (जाता जाता: २०२२ पासून स्पर्धेच्या काळात अशी स्टेरॉइडची इंजेक्शनं घ्यायला वाडाची बंदी आहे. खेळाडू असाल तर हे माहीत असू द्या.)

दुसरा पेपर: तुलना आहे, पण सगळ्यांना सगळं माहीत आहे

हा मलेशियातला, २०१४ चा. हॅमस्ट्रिंग दुखावलेल्या २८ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला पीआरपीचं एक इंजेक्शन आणि व्यायाम, दुसऱ्याला फक्त व्यायाम. पीआरपीवाले सरासरी २६.७ दिवसांत खेळायला तयार झाले, दुसऱ्या गटाला ४२.५ दिवस लागले.

जवळजवळ सोळा दिवसांचा फरक! हा पेपर वाचला त्या रात्री मी भावाला "घे" म्हणून मेसेज टाइप केला होता. पाठवला नाही, एवढंच.

अडचण काय आहे? ज्याला इंजेक्शन मिळालं त्याला ते माहीत होतं. ज्याला मिळालं नाही त्यालाही माहीत होतं. आणि "खेळायला तयार" ही रक्तातल्या साखरेसारखी यंत्राने मोजायची गोष्ट नाही. त्यात खेळाडूला दुखतंय का, भीती वाटतेय का, तो पाय किती मोकळेपणाने टाकतोय हे सगळं येतं. आपल्याला खास उपचार मिळालाय असा भरवसा असलेला माणूस लवकर धावून बघतो. शिवाय दुसऱ्या गटाचं प्रमाण विचलन २०.६ दिवस होतं, म्हणजे कुणी फार लवकर तर कुणी फार उशिरा बरं झालं. एवढ्या लहान गटात दोन-तीन जण रेंगाळले तरी सरासरी पुढे ढकलली जाते.

म्हणजे हा पेपर वाईट आहे का? अजिबात नाही. तो एका प्रश्नाचं उत्तर देतो: "इंजेक्शन आणि त्याबरोबर येणारा भरवसा" विरुद्ध "काहीच नाही". आपला प्रश्न मात्र त्यातल्या द्रवाबद्दल होता.

तिसरा पेपर: दोघांनाही सुई

नेदरलँड्समधला, तोही २०१४ चा. ८० खेळाडू. सगळ्यांचं रक्त काढलं. मग अर्ध्यांना पीआरपी आणि अर्ध्यांना साधं सलाइन टोचलं, दोनदा. सिरिंज बाहेरून झाकलेली, त्यामुळे आत काय आहे ते खेळाडूलाही कळत नव्हतं आणि टोचणाऱ्यालाही. व्यायाम दोघांनाही सारखाच.

खेळायला परतण्याचा मध्यक, म्हणजे निम्मे खेळाडू ज्या दिवसापर्यंत परतले तो दिवस: पीआरपी गटात ४२, सलाइन गटातही ४२. पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण एकीकडे १६ टक्के, दुसरीकडे १४.

हा निकाल वाचून मी खुर्चीत मागे रेलले. भरवसा दोन्ही गटांना सारखा वाटून दिला आणि फरक नाहीसा झाला.

तरी एक शंका उरते, आणि ती तुम्ही काढायला हवी. सलाइन म्हणजे खरंच "काहीच नाही" का? दुखऱ्या जागी सुई घालणं, तिथं पाणी सोडणं, यानेही काहीतरी होत असेल तर? मग दोन्ही गट सारखेच लवकर बरे झाले असंही म्हणता येईल. ही शंका फेडायला तिसरा गट लागतो.

चौथा पेपर: तीन गट

तो कतारमध्ये केला गेला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. ९० व्यावसायिक खेळाडू, तीन गट. पहिल्याला पीआरपी, दुसऱ्याला प्लेटलेट जवळपास काढून टाकलेला प्लाझ्मा, तिसऱ्याला इंजेक्शनच नाही. आणि तिघांनाही रोजचा कसून घेतलेला व्यायाम.

परतायला लागलेले दिवस: पीआरपी २१, प्लेटलेट नसलेला प्लाझ्मा २७, इंजेक्शन नाही २५.

आता इथं जरा वेळ काढा. पेन घेऊन बसा. पीआरपी आणि प्लाझ्मा यांच्यातला फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निघाला (पी = ०.०१). पीआरपी आणि इंजेक्शन नसलेला गट यांच्यातला निघाला नाही. समजा, कुणी तिसरा गट ठेवलाच नसता. मग पेपरचा मथळा झाला असता, "पीआरपीमुळे सहा दिवस वाचतात". तिसरा गट असल्यामुळे वेगळंच चित्र दिसतं: कदाचित पीआरपी चांगलं नसेल, तो प्लाझ्माच आडवा येत असेल, किंवा एवढ्या लहान गटांत असे चढउतार नुसत्या योगायोगानेही होत असतील. संशोधकांनी निष्कर्ष सावधपणे काढला: चांगल्या व्यायामापेक्षा पीआरपीच्या एका इंजेक्शनाचा जास्त फायदा दिसत नाही.

आणखी एक गोष्ट बघा. कतारच्या खेळाडूंना इंजेक्शन न घेता २५ दिवस लागले. मलेशियातल्यांना पीआरपी घेऊन २६.७. मग कतारची हवा औषधी म्हणायची का? नाही. खेळाडू वेगळे, दुखापतींचं स्वरूप वेगळं, व्यायाम वेगळा, "तयार" म्हणायचे निकष वेगळे. म्हणूनच एका अभ्यासातला गट दुसऱ्या अभ्यासातल्या गटाशी लावून बघायचा नसतो. ज्याने त्याने आपल्या घरचा तुलना गट आपल्याच घरात ठेवायचा.

पीआरपीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. पीआरपी हे एकच औषध नाही. प्लेटलेट किती पटीने दाट केल्या, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, एकदा दिलं की दोनदा, दुखापतीनंतर कितव्या दिवशी, हे सगळं प्रत्येक अभ्यासात बदलतं. त्यामुळे "पीआरपी कधीच चालत नाही" असं या चार पेपरांवरून म्हणता येत नाही. "चालतं असं दाखवण्याची जबाबदारी अजून पूर्ण झालेली नाही", एवढंच म्हणता येतं.

मग कशाने फरक पडतो?

स्वीडनमधल्या अव्वल फुटबॉलपटूंवरचा २०१३ चा एक अभ्यास आहे. ७५ खेळाडू, दोन गट, दोघांनाही व्यायामच, इंजेक्शन कुणालाच नाही. एका गटाचे व्यायाम स्नायू ताणलेल्या अवस्थेत त्यावर भार देणारे, दुसऱ्याचे नेहमीचे. पहिला गट सरासरी २८ दिवसांत परतला, दुसरा ५१ दिवसांत.

तेवीस दिवस! पण आता तुम्ही मला अडवायला हवं: "ताई, इथंही खेळाडूंना माहीत होतंच की आपण कोणता व्यायाम करतोय. मलेशियाला लावलेली फूटपट्टी इथं का नाही?" बरोबर आहे. तीच लावायची. व्यायाम सिरिंजसारखा झाकता येत नाही, त्यामुळे ही उणीव राहणारच. फरक एवढाच की इथं दोन्ही गटांना फिजिओ होता, दोन्ही गट रोज काहीतरी करत होते, "मला काहीच मिळालं नाही" असं कुणालाही वाटायचं कारण नव्हतं. पुरावा जास्त भक्कम आहे, पूर्ण नाही. आपल्याला आवडलेल्या निकालाला सवलत द्यायची नाही, हे मला या पेपरने शिकवलं.

भावाला मी काय सांगितलं

पाचव्या दिवशी फोन केला. म्हटलं, "इंजेक्शनचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घे. पण मी वाचलं त्यावरून, त्यासाठी म्हैस विकावी एवढा भक्कम पुरावा मला दिसला नाही. त्यापेक्षा चांगला फिजिओ गाठ आणि तो सांगेल तेवढंच रोज कर."

"म्हणजे सहा आठवड्यांत होईन ना मी बरा?"

सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. नेदरलँड्सच्या अभ्यासातला मध्यक. मध्यकाचा अर्थ मला माहीत होता: त्या दिवशी निम्मे लोक मैदानात असतात आणि निम्मे अजून बाहेर. परीक्षेत ही व्याख्या मी दहा वेळा लिहिली असेल. पण पलीकडे भरतीचं वय निघून चाललेला मुलगा असताना "अर्धी शक्यता आहे" हे म्हणायला जीभ जड झाली. तरी तेच म्हटलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बरं. मग अर्ध्यात यायला बघतो."

त्याने इंजेक्शन घेतलं नाही. मिरजेला फिजिओकडे जात राहिला. पुढे पावसामुळे त्याचं ग्राउंड लांबलं आणि तो १६०० मीटर न लंगडता धावला. मामी अजून सगळ्यांना सांगते की "ताईने सांगितलं म्हणून पैसे वाचले."

मी दर वेळी मामीला थांबवते. कारण तो एकटा आहे, त्याला तुलना गट नाही. ग्राउंड लांबलं नसतं तर? इंजेक्शन घेऊन आठवडाभर आधी धावला असता तर? माहीत नाही. माझा सल्ला त्या वेळच्या पुराव्याला धरून होता, एवढंच मी म्हणू शकते. तो "बरोबर ठरला" हे एका माणसावरून ठरत नाही. एनएफएलच्या ५८ खेळाडूंना जो नियम, तोच माझ्या भावाला.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुमचा विषय खेळाचा नसेलही. शेतीतलं खत असेल, शाळेतली अध्यापन पद्धत असेल, एखादी सरकारी योजना असेल. कुठलाही "परिणाम अभ्यासणे" असं शीर्षक लिहिण्याआधी हे चार प्रश्न कागदावर लिहून काढा:

१. मी काहीच केलं नाही तर काय होईल? स्नायू आपोआप भरतो. मुलं वर्षभरात आपोआप मोठी होतात, थोडं शिकतातच. पाऊस चांगला झाला तर पीक वाढतंच.

२. माझा तुलना गट नेमका काय वगळतो? त्याला "काहीच नाही" मिळतंय, "तसंच दिसणारं दुसरं काहीतरी" मिळतंय, की "सध्याचा सर्वांत चांगला उपाय"? तिन्हींची उत्तरं वेगळी येतील.

३. कुणाला काय मिळालं हे कुणाकुणाला माहीत असेल? ते लपवता येत नसेल, तर मोजणाऱ्यापासून तरी लपवता येईल का?

४. निकाल माझ्या मनाविरुद्ध आला असता, तर या पद्धतीत मी कोणती खोट काढली असती? ती आत्ताच काढा आणि आत्ताच दुरुस्त करा.

पेटच्या मुलाखतीत "तुमचा कंट्रोल ग्रुप काय?" असं विचारलं की बरेच जण "ज्यांना उपचार दिला नाही तो" असं सांगून मोकळे होतात. तुम्ही असं उत्तर द्या की ऐकणाऱ्याला कळावं, तुम्ही नेमकी कोणती गोष्ट बाकी सगळ्यांपासून वेगळी काढून मोजणार आहात.

गृहपाठ म्हणून तुमच्या विषयातला एक पेपर घ्या, निष्कर्ष हाताने झाका आणि फक्त पद्धतीचा भाग वाचून सांगा की हा पेपर कोणत्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो. मग हात काढा आणि लेखकांनी त्याच प्रश्नाचं उत्तर दिलंय का ते बघा. निदान पाच पेपरांवर करा, सवय लागते.

पुढच्या लेखात नमुना किती मोठा घ्यायचा ते पाहू. २८ पुरेत का, ९० पुरेत का, आणि हे आधीच कसं ठरवायचं. तोवर अभ्यास चालू ठेवा, आणि धावायला जाणार असाल तर आधी वॉर्म-अप करा.